उलट्या बाजूचा टाका

1984 च्या जून महिन्यात, शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एक म्हातारी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पोरं पाढे म्हणत होती. तिला पाहून ती थांबली नाहीत, म्हणजे ती रोजची होती, नवी मीच. ती सरळ आत आली, माझा दंड धरला, ब्लाउजच्या बाहीची कड उलटी केली आणि आतल्या तुरपाईवरून अंगठ्याचं नख फिरवलं. तिच्या दंडावर पांढऱ्या बांगड्यांची रांग होती. हात हलला की त्या एकमेकींवर सुक्या लाकडासारख्या वाजत. मग मोडक्या मराठीत तिने विचारलं, "कोनं शिवलं?"

"शिंप्यानं," मी म्हणाले.

ते शिंपी म्हणजे माझे बाबा, हे मी सांगितलं नाही.

वाशीमला बालाजीच्या देवळाच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचं मशीन, मागच्या खोलीत आम्ही सहा माणसं. शाळेच्या खाकी चड्ड्या, शेतकऱ्यांच्या बंड्या, लग्नसराईत झंपर. बाबा रात्री कंदिलाच्या उजेडात काजं करत आणि दोरा दातांनी तोडत. त्यांच्या पुढच्या दाताला त्यामुळे एक बारीक खाच पडली होती. मी डी.एड.ला गेले ती त्या खोलीतून बाहेर पडायला. तिथे मैत्रिणींनी विचारलं की मी सांगे, आमचा कापडाचा धंदा आहे. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

नेमणूक मिळाली मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर. गाव अर्ध्या कोसावर. गावात मला भाड्याने खोली मिळाली. मधे पांदण होती, पावसाळ्यात घोट्यापर्यंत काळ्या चिखलाची. सकाळी वहाणा हातात घेऊन मी ती ओलांडायची. गावातले लोक म्हणत, "बाई, तांड्यावर पाणी पिऊ नका." तांड्यावरची पोरं मला "कोर बाई" म्हणत. महिनाभराने मी एका चौथीतल्या मुलाला विचारलं, कोर म्हणजे काय? तो लाजला. मग म्हणाला, "आमी गोर. बाकी समदे कोर."

बंजारा स्वतःला गोर म्हणतो, गोरमाटी म्हणतो. त्या वेशीबाहेरचा प्रत्येक जण कोर. ब्राह्मण, कुणबी, मुसलमान, मारवाडी, गोरा साहेब, सगळे त्यात आले. वाशीममध्ये माझी जात कुणाच्या वर होती, कुणाच्या खाली होती, आणि मी जन्मभर त्या पायरीकडे डोळे लावून जगले होते. इथे मला कुठलीच पायरी नव्हती. मी नुसती बाहेरची होते. बावीस वर्षांच्या मुलीला हे ऐकून आधी वाईट वाटलं आणि मग, खरं सांगते, अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं.

त्या म्हातारीला सगळा तांडा याडी म्हणे. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. जुन्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, ती बायको. दुपारच्या सुट्टीत तिच्या ओसरीत सावली असे, म्हणून मी डबा घेऊन तिथे बसू लागले. पाणी प्यायले ते पहिल्याच दिवशी. ती फेटिया शिवत होती, नातीच्या लग्नासाठी. फेटिया म्हणजे तिथल्या बायकांचा घेरदार घागरा. वर कांचळी, पाठ उघडी, बंद बांधलेली, आणि छातीवर भिंगांचे चौकोन. डोक्यावर टुकरी.

मी शिंप्याची मुलगी. कितीही लपवलं तरी माझे डोळे शिंप्याचेच होते. त्या फेटियाचा नेफा मी पाहिला आणि गप्प झाले. लाल जाड कापडावर पिवळा, पांढरा, निळा दोरा, टाका इतका दाट की खालचं कापड दिसेना. रेघा सरळ, पण कुठेही खडूची खूण नाही. ती मोजत होती धागे. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून सुई घालत होती, चार सोडून एक, चार सोडून एक, आणि हे करताना माझ्याशी बोलतही होती. कडेला कवड्या ओवल्या होत्या, आणि त्यांच्या मधे भोकाचे तांब्याचे पैसे. युद्धाच्या काळात, 1943 पासून, इंग्रज सरकारने मधे मोठं भोक असलेला पैसा काढला होता. बाजारातून तो कधीच गेला, पण त्याला टाके घालायला जागा आयती होती, म्हणून इथे तो कापडावर राहिला. बाबांकडे असा एक पैसा होता, टेपच्या टोकाला ओळंब्यासारखा बांधलेला.

मी हात पुढे केला आणि कापड उलटं केलं. आमच्या घरात शिवणाची पारख उलट्या बाजूने होते. बाबा कुणाचं काम पाहायचं असलं तर आधी आतली बाजू पाहत. सुलट बाजूचं काम सगळेच नीट करतात. याडीचा टाका मागून पुढच्याइतकाच साफ होता. गाठ एकही दिसेना.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. कापड उलटवायची ही रीत कुणाची असते हे तिला कळलं. "शिंप्यानं शिवलं," ती म्हणाली, माझेच शब्द मला परत देत. "तारो बा?"

तुझा बाप? गोरबोलीतलं हे पहिलं वाक्य मला न शिकता समजलं. मी मान हलवली.

*

त्या पावसाळ्यात मी दोन गोष्टी शिकू लागले, तो टाका आणि ती भाषा. भाषेबद्दल माझ्या हातून एक चूक होत होती, ती आधी सांगते. मुलं "पुस्तक छ" म्हणत, आणि मी तांबड्या पेनाने "आहे" लिहीत असे. मला वाटे ही बिघडलेली मराठी आहे. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात 1907 सालच्या खंडात या बोलीची, लभाणी किंवा बंजारी या नावाने, स्वतंत्र नोंद आहे. तिचं कूळ राजस्थानी बोल्यांशी जुळतं. वऱ्हाडात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, बेळ्ळारीकडे कन्नडमध्ये. स्वतःची लिपी नाही. मी ज्या मुलांना चूक म्हणून फुल्या दिल्या, ती बरोबर बोलत होती.

ही भाषा राजस्थानकडून इथे आली ती बैलाच्या पाठीवर. त्या प्रवासाला तांड्यावर लदेणी म्हणतात. मराठी गावांच्या इतिहासात लदेणीला ओळभरही जागा मिळत नाही, आणि मला हे आजही खुपतं, कारण ते गाव मीठ खायचं कुठून? पूर्णा-पैनगंगेच्या मधल्या या पठारावर मीठ पिकत नाही. ते समुद्रकाठावरून यायचं, गोणीतून, एका बैलाला दोन बाजूंनी लोंबणाऱ्या ओझ्यातून. जाताना तेच बैल धान्य न्यायचे, कापूस न्यायचे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. चाकाची गाडी तेव्हा या वाटांवर चालत नव्हती. काळ्या मातीत ती आसापर्यंत रुते. बैलाचा खूर मात्र निघतो.

केवढे मोठे होते हे तांडे, ते परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला 1632 मध्ये उत्तरेकडे 14,000 बैलांचा एक तांडा भेटला, सगळे धान्याने लादलेले, बायकामुलं सोबत, आणि चाल दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला की प्रवाशाला कधीकधी तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे. शाहजहानच्या काळात आसफखानाची फौज दक्षिणेत उतरली तेव्हा जंगी आणि भंगी या नायकांच्या बैलांनी तिला दाणा पुरवला, अशी परंपरा आहे. त्याबद्दल त्यांना ताम्रपट मिळाला म्हणतात. घरच्या रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत घ्यायची मुभा, आणि दिवसाला तीन खून माफ. याडीला हे सगळं तोंडपाठ होतं. ती हे बाराखडीसारखं म्हणे, सुई न थांबवता. खुनांपाशी आली की हसे आणि म्हणे, आमाले पानी न गवतच लागत होतं.

1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज वऱ्हाडात आली, अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. त्या फौजेचं पोटही बंजाऱ्यांच्या बैलांवर होतं. लढणाऱ्या दोन्ही बाजू बंजाऱ्यांकडून धान्य घेत, म्हणून त्यांना सहसा कुणी लुटत नसे. कुणाच्याही बाजूचे नसल्यामुळे ते सगळ्यांना हवे होते.

या माणसांबद्दलचं सगळ्यात बारकाईचं जुनं वर्णन वऱ्हाड पोलिसांतल्या कंबर्लेज नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलं. 1882 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं आणि पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या मोठ्या ग्रंथात ते वापरलं. पोलिसाने लिहिलं, हे मला विसरता येत नाही. गावच्या पाटलाने लिहिलं नाही, कुलकर्ण्याने लिहिलं नाही. शेजाऱ्याला उत्सुकता नव्हती, पहारेकऱ्याला होती. पण त्या लेखात एक बैल आहे, आणि त्या बैलासाठी मी त्या पोलिसाची ऋणी आहे.

त्याचं नाव हातडिया. बालाजीच्या नावाने सोडलेला बैल. त्याच्या पाठीवर कधीच ओझं घालायचं नाही. लाल रेशमाच्या झिरमिळ्या, घुंगरं, गळ्यात-पायांत कड्या, कवड्यांच्या माळा, गोंडे. तो तांड्याच्या पुढे चालायचा, आणि दमून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम. आजारपण आलं, संकट आलं, की त्याच्या पायाशी नवस. हजारो बैल, शेकडो माणसं, आणि थांबायचं कुठे हे ठरवणार बिनओझ्याचा एक बैल.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फेटियाची कड आली. त्याच कवड्या, तेच गोंडे, तोच लाल. आणि आमचं घर तर बालाजीच्या मागे! अठराव्या शतकात भवानी काळूंनी बांधलेल्या त्या देवळाच्या दगडी तळ्यात मी पोहायला शिकले. लहानपणी बंजारणी दर्शनाला येत, घुंगरांचा आवाज आमच्या दारावरून जाई. आई म्हणे, लमाणी आल्या, दार लोटा. बाबांच्या दुकानात त्यांच्यापैकी एकही कधी चढली नाही, कारण त्यांचे कपडे त्या स्वतः शिवत. आमच्या धंद्याला त्यांचा उपयोग नव्हता, म्हणून आमच्या लेखी त्या नव्हत्याच. एकाच देवाला हात जोडून दोन्ही घरं एकमेकांना न पाहता राहिली.

*

टाका शिकायला मला आठ महिने लागले. खरी अडचण बोटांची नव्हती. मी बाबांकडून हात उचललेला, धावदोऱ्याचा वेग अंगात. याडी माझं काम उसवायची. ओरडायची नाही, रागवायची नाही. माझ्यासमोर, शांतपणे, सुईच्या टोकाने एकेक टाका काढायची आणि दोरा बोटाला गुंडाळून ठेवायची, कारण दोरा वाया जाऊ द्यायचा नाही. तिचं म्हणणं मला असं कळलं: मशीन कापडाला ओढतं, हाताने कापडाला विचारावं लागतं. हे शब्द माझे आहेत. तिने फक्त माझा अंगठा धरून दोन धाग्यांच्या मधल्या फटीवर ठेवला होता.

मला एक शंका आहे, पुरावा काही नाही, शिवण जाणणारीचा अंदाज समजा. गोणी शिवणारी बाई टाका असाच दाट घालणार. दोन मण ओझं बैलाच्या चालीने दिवसभर हिंदकळतं, शिवण उसवली तर धान्य वाटभर सांडतं. लदेणीच्या दिवसांत गोण्या तांड्यावरच शिवत. तोच हात पुढे घागऱ्यावर आला असेल. बैल गेले, गोणी गेली, टाका अंगावर राहिला.

बैल गेले ते आगगाडीमुळे. 1867 मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. त्यानंतर काही दशकांनी मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी छोटी गाडी सुरू झाली, तीच पुढे शकुंतला म्हणून सगळ्यांची लाडकी झाली. माझ्याही लाडाची. कारंजाच्या बाजारातला कापूस तिच्या डब्यांत चढला आणि याडीच्या आजेसासऱ्याचे बैल उभे राहिले. एकीकडे मिठावर सरकारची मक्तेदारी, दुसरीकडे रूळ. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी माणसं काही दशकांत थांबली. जिथे थांबली तिथे पाण्यापासून दूर, गावाच्या शिवाराच्या कडेला, माळावर. चांगली जमीन आधीच वाटली गेली होती. माझी पांदण तेव्हाची.

आणि मग चालणाऱ्याकडे संशयाने पाहणारा कायदा आला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जो पुढे देशभर पसरत गेला. ज्यांच्याकडून दोन्ही फौजा दाणे घेत, त्यांची नावं ठाण्यात लिहिली गेली. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत. एकाच याडीची तीन लेकरं, तीन राज्यांत तीन नावांनी.

माझ्या वर्गाच्या हजेरीत राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे अशी आडनावं होती. बदली होऊन आलेले साहेब ती वाचून म्हणत, मराठ्यांची पोरं दिसतात. दिवाळी झाली की यातली निम्मी नावं गैरहजर होत. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. लदेणी संपली होती, चालणं संपलं नव्हतं.

*

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. इथे सापडलेल्या ताम्रपटावर अर्धी संस्कृत आहे आणि अर्धी प्राकृत, राजाची वंशावळ एकीत, गावाचा व्यवहार दुसरीत. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या प्रधानाने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. हे सगळं आम्ही शाळेत अभिमानाने शिकलो. पण एक गोष्ट शाळेत कुणी सांगितली नाही, ती मला नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत कळली. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात काव्यपुरुष रुसून निघून जातो, आणि त्याला वश करायला साहित्यविद्या त्याच्या मागे देशोदेशी हिंडते. पूर्वेला, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत. जिथे जाते तिथे वेगळा वेष करते. राजशेखर वेषाचं वर्णन करतो, त्या त्या प्रदेशातल्या बायका तसाच वेष करू लागल्या म्हणतो. शेवटी विदर्भात तो पुरता तिचा होतो, आणि त्यांचं लग्न लागतं वत्सगुल्मात. माझ्या गावात.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. बालपणभर ज्या गावात आम्ही दार लोटत होतो, त्या गावाची ओळख हजार वर्षांपूर्वीच्या पंडिताला अशी होती: परक्याच्या मागे चालत आलेली बाई, वाटेतल्या प्रत्येक मुलखात वेगळं कापड अंगावर घेऊन, जिथे पोचते ती जागा. शिंप्याच्या मुलीला यापेक्षा काय हवं?

तेव्हा मला नामदेव आठवले. आमच्या घरात विठ्ठलाशेजारी त्यांची तसबीर. शिंपी म्हणून आम्हाला त्यांचा अभिमान, पण तो अभिमान भिंतीवरचा. त्यांचं नरसी गाव आमच्यापासून हिंगोलीच्या वाटेवर, लांब नाही. तिथला शिंपी पंजाबात जातो, घुमानला राहतो, आणि त्याची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात जातात. मराठी माणसाने परक्यांत राहून मिळवलेलं यापेक्षा मोठं घर मला माहीत नाही. याच शीख परंपरेत एक बंजारा आहे, लखीशाह. 1675 मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाल्यावर त्याने गुरूंचं धड उचलून गाडीतून आपल्या घरी नेलं आणि अंत्यसंस्कार लपावा म्हणून घरालाच आग लावली. त्या जागी आज रकाबगंज गुरुद्वारा आहे. हे मी तांड्यावर असतानाच याडीला सांगितलं होतं. लखीशाह तिला ऐकून माहीत होता. नामदेव शिंपी तिला माहीत नव्हता. "मग तुमचा न आमचा एकाच घरी जेवले," ती म्हणाली.

तांड्यापासून काही कोसांवर पोहरादेवी. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची समाधी तिथे आहे. परंपरेने त्यांचा जन्म 1739 चा, आताच्या आंध्रातला, आणि शेवट या मुलखातला. रामनवमीला तिथे जी गर्दी लोटते ती पाहिल्यावर कळतं की या जिल्ह्याचा मध्य वाशीम नाही. तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं येतात, आपापली राज्यभाषा बाजूला ठेवून एकमेकांशी गोरबोलीत बोलतात. सेवालालांची शिकवण याडी मला सांगे: आधी जाणा, मग चाळून पाहा, मग माना. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे बंजारा संस्कृतीचं मोठं संग्रहालय उघडलं. मी गेले होते. काचेआड फेटिया मांडले आहेत, सुलट बाजूने. मला कर्मचाऱ्याला विनवावंसं वाटलं की एकतरी उलटा करून ठेवा.

पोहरादेवीच्या पलीकडे पुसद तालुक्यात गहुली. वसंतराव नाईक तिथले. 1963 ते 1975 ते मुख्यमंत्री होते. त्यांचा सगळा पराक्रम लोक सांगतात, हरितक्रांती, रोजगार हमी. मला त्यातलं 1941 साल महत्त्वाचं वाटतं. तांड्यावरचा हा वकील आणि नागपूरच्या ब्राह्मण घरातल्या वत्सलाबाई घाटे यांनी त्या साली लग्न केलं. गोर आणि कोर. आज कुणी केलं तरी चर्चा होते, मग तेव्हाचं काय असेल! याडी त्यांच्याबद्दल बोलताना वसंतरावांचं नाव घेत नसे. म्हणे, त्या बाईनं आमचं पानी पेलं.

*

1985 च्या होळीला मी बाबांना तांड्यावर आणलं. त्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं आणि यावं असंही. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणाऱ्या बायकांच्या गराड्यातून ते टोपी सावरत याडीच्या ओसरीत पोचले. दोघांची भाषा एक नव्हती. बाबा वऱ्हाडीत बोलले, ती गोरबोलीत. मी मधे बसले होते, पण मला फारसं काही करावं लागलं नाही.

याडीने फेटिया पुढे केला. बाबांनी चष्मा लावला, कापड हातात घेतलं आणि उलटं केलं. बराच वेळ पाहत राहिले. बोटाने एक ओळ मोजली. मग दाताने दोरा तोडल्याची खूण शोधली, ती सापडली नाही. ती कातरीने कापायची. "बाप्पा," एवढंच म्हणाले. नंतर मला म्हणाले, "पोरी, इचार तिले, सुई कोनती वापरते?"

याडीने सुई दाखवली. जुनी, गंजाने काळी पडलेली, टोक दगडावर घासून घासून अर्धी झालेली. बाबांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. इतकं काम, आणि अशी सुई. पुढच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा त्यांनी एक पुडी तयार ठेवली होती, पंचवीस सुया, तीन मापांच्या, त्यांच्या स्वतःच्या साठ्यातल्या. पुडीवर खडूने लिहिलं होतं, भरतकाम. आयुष्यात त्यांनी कुणा कारागिराला काही भेट दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी पहिल्यांदा शाळेतल्या गुरुजींना सांगितलं की माझे बाबा शिंपी आहेत, आणि कुठले कपडे उत्तम शिवतात तेही सांगितलं.

आमच्यात सुई हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. मी पुडी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर ठेवली. याडीने ती उचलली, उघडली, एकेक सुई बोटाच्या पेरावर टेकवून पाहिली आणि टुकरीच्या कडेला ओळीने टोचली. चोवीस. पंचविसावी तिने माझ्यासारखीच जमिनीवर ठेवली, माझ्या पायाशी, आणि मी उचलीपर्यंत हात मागे घेऊन बसून राहिली.